माहिती कुठून घेतली?

शाळेच्या प्रकल्पवहीतलं सगळ्यात दुर्लक्षित पान कुठलं, सांगा बघू? शेवटचं. मुखपृष्ठावर चमकी असते, आत सरांचे, बाईंचे आणि आईबाबांचे आभार असतात, समासाला स्केचपेनने वेलबुट्टी काढलेली असते. शेवटच्या पानावर मात्र ‘संदर्भ’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या जातात आणि मग येतं : गूगल. विकिपीडिया. संपलं. आपण शाळेत होतो तेव्हा त्या जागी ‘नवनीत गाईड’ असायचं, एवढाच काय तो फरक.

माझी भाची यवतमाळला नववीत आहे. तिला ‘आपल्या जिल्ह्याचा इतिहास’ असा प्रकल्प होता. मामा कॉम्प्युटरवाला, म्हणून फाईल पुण्याला माझ्याकडे आली. (घरात एक इंजिनिअर असला की बिघडलेल्या प्रिंटरपासून चुलतभावाच्या पत्रिकेपर्यंत सगळं त्याच्याकडेच येतं, हे तुम्हाला सांगायला नको.) तिच्या संदर्भाच्या पानावर चार ओळी होत्या : गूगल, एक संकेतस्थळ, एका पुस्तकाचं नाव आणि ‘बाबा’.

पुस्तकाचं नाव मोठं भारदस्त होतं. लेखक, प्रकाशक, वर्ष, सगळं जागच्या जागी. मी म्हटलं वा, पोरीने कमाल केली! दोन-तीन मोठ्या ग्रंथालयांच्या सूची पाहिल्या. नाही. लेखकाचं नाव शोधलं. नाही. शेवटी फोन केला तर म्हणाली, “मामा, मी कुठं वाचलं ते पुस्तक, चॅटबॉटनं दिलं ना! सरांनी सांगितलं संदर्भ पाहिजेच, मग मागितला त्याला.” म्हणजे मागितला म्हणून दिला. पुस्तक मुळात जन्मालाच आलेलं नाही. ह्या यंत्रांचा हा गुण आता आपल्या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत आहे, पण नववीतल्या मुलीला तो कोण सांगणार?

मग तिने मला जो प्रश्न विचारला तो मात्र अगदी रास्त होता. “पण मामा, सर तर ते पान पाहतच नाहीत. मग लिहायचं कशाले?”

कशाला लिहायचं? मार्कांसाठी, हे उत्तर बाद, कारण त्याला मार्क नाहीतच. ‘चोरी करू नये’ हे उत्तर खरं आहे, पण शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारासारखं ते कुणी ऐकत नाही. ह्या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर तिच्याच गावात, यवतमाळात आहे. ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

*

अजिंठ्याला तुम्ही गेला असालच. सोळा नंबरचं लेणं आठवतंय? खालून वर येताना दोन दगडी हत्ती लागतात, तेच. ह्या लेण्याच्या ओवरीबाहेर डाव्या अंगाला भिंतीवर एक मोठा संस्कृत शिलालेख आहे. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव ह्याने हे लेणं कोरवून घेतलं, आणि लेखात त्याने आपल्या धन्याच्या घराण्याची वंशावळ दिली. इसवी सनाच्या पाचव्या शतकातली गोष्ट. लेख उघड्यावर. पावसापाण्याने बरीच अक्षरं झिजली, काही पार गेली.

एकोणिसाव्या शतकात हा लेख आधी मुंबईच्या डॉ. भाऊ दाजींनी वाचला, मग भगवानलाल इंद्रजींनी त्याची नक्कल केली, आणि १८८३ मध्ये गेओर्ग ब्यूलर ह्या जर्मन संस्कृत पंडिताने त्याचं वाचन आणि भाषांतर छापलं. ब्यूलर म्हणजे त्या काळचा मोठा माणूस. त्याने वाचलं की पहिल्या प्रवरसेनानंतर त्याचा मुलगा रुद्रसेन आणि त्याच्यानंतर पृथिवीषेण. ह्यात कुणाला काही खटकायचं कारण नव्हतं, कारण विदर्भात सापडलेल्या दुसऱ्या ताम्रपटांतही, म्हणजे अचलपूरजवळच्या चम्मकच्या ताम्रपटात वगैरे, प्रवरसेनानंतर राजे म्हणून रुद्रसेन आणि पृथिवीषेण हीच नावं ह्याच क्रमाने येतात. इकडे झिजलेली अक्षरं, तिकडे स्वच्छ कोरलेली नावं. जुळलं!

अडचण पुढे होती. अजिंठ्याच्या यादीत नंतर दुसरा प्रवरसेन येतो, मग आठव्या वर्षी गादीवर बसलेला एक राजा, मग देवसेन, मग हरिषेण. ताम्रपटांच्या यादीतही एक दुसरा प्रवरसेन आहेच, चंद्रगुप्त विक्रमादित्याच्या मुलीचा, प्रभावतीगुप्तेचा मुलगा. नाव तेच, तेव्हा माणूसही तोच असणार. म्हणून मग दोन्ही याद्या एकमेकींत ओवून वाकाटकांची एकच लांबलचक वंशावळ तयार झाली आणि ती इतिहासाच्या पुस्तकांत गेली. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन वेगळ्या टेबलांतली ‘प्रवरसेन’ ही नोंद एकच समजून कुणीतरी जॉईन मारला. क्वेरी चालली, एरर आली नाही, रिपोर्ट झकास दिसला. पन्नासएक वर्षं तो रिपोर्ट फिरत होता.

*

आता यवतमाळ. कापूस पिकवणारं, ‘ळ’चा ‘ल’ करून ‘यवतमाल’ लिहिलं जाणारं, आणि गेली काही वर्षं बातमीत आलं तर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळेच येणारं गाव. १९३० च्या आसपास तर विद्यापीठ, मोठं ग्रंथालय, संशोधनाची मासिकं, सगळंच लांब. मुंबईला जायचं तर आधी मूर्तिजापूरपर्यंत छोटी गाडी, तीच जिला पुढे सगळे शकुंतला म्हणू लागले, आणि मग मोठी गाडी. अशा गावात यशवंत खुशाल देशपांडे नावाचे गृहस्थ जुन्या पोथ्या, ताम्रपट आणि कागदपत्रं जमवत बसले होते. त्यांची आणि सोबत्यांची संस्था म्हणजे ‘शारदाश्रम’. संस्थेने ‘शारदाश्रम वार्षिक’ नावाचं संशोधनाचं वार्षिकही काढलं. य. खु. देशपांडे मराठीच्या अभ्यासकांना माहीत आहेत ते मुख्यतः महानुभाव साहित्यामुळे. त्यांचं ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ चं. त्याच्याकडे थोड्या वेळाने येतो.

१९३९ मध्ये वाशिमला एक ताम्रपट उजेडात आला. चार पत्रे. देशपांडे आणि त्यांचे सहकारी डॉ. दि. ब. महाजन ह्यांनी तो वाचला आणि त्याच वर्षी कलकत्त्याला भरलेल्या भारतीय इतिहास परिषदेच्या तिसऱ्या अधिवेशनात त्यावर निबंध सादर केला. राजाचं नाव विंध्यशक्ती. त्याच्या राज्याच्या ३७ व्या वर्षी, वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशिमहून दिलेलं हे दानपत्र. दान दिलेलं गाव नांदीकड म्हणजे नांदेडच्या उत्तरेकडच्या भागातलं. वंशावळीचा भाग संस्कृतात, आणि व्यवहाराचा, म्हणजे काय दिलं, कुणाला दिलं, कुठल्या करातून सूट, तो भाग प्राकृतात. (थोडक्यात, मानाची भाषा वेगळी आणि कामाची वेगळी. आपल्या कंपन्यांतली परिस्थिती पाहता १६०० वर्षांत ह्या बाबतीत फारसं बदललेलं नाही.)

पण खरी गंमत वंशावळीत होती. हा विंध्यशक्ती स्वतःला सर्वसेनाचा मुलगा म्हणवतो, आणि सर्वसेन हा पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा.

सर्वसेन? असा कुणी वाकाटक राजा तोवर कुठल्याच यादीत नव्हता. म्हणजे एक तर हा ताम्रपट खोटा, नाहीतर यादी चूक.

नागपूरचे वा. वि. मिराशी ह्यांनी मग काय केलं असेल? ते अजिंठ्याच्या लेखाकडे परत गेले. ब्यूलरने जिथे ‘रुद्रसेन’ वाचलं होतं तिथे नाव होतं सर्वसेन. जिथे ‘पृथिवीषेण’ वाचलं होतं तिथे विंध्यसेन, म्हणजेच वाशिमच्या ताम्रपटातला विंध्यशक्ती. अक्षरं झिजलेली होती हे खरं, पण काय वाचायचं हे आधीच ठाऊक आहे असं वाटलं की झिजलेल्या अक्षरात तेच दिसायला लागतं. मिराशींचं हे नवं वाचन १९४१ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व ग्रंथमालेत छापून आलं (अजिंठा तेव्हा निजामाकडे होतं), आणि वाकाटकांचं एक अख्खं घराणं, वत्सगुल्म शाखा, इतिहासाला परत मिळालं. अजिंठ्याची उत्तम चित्रं ज्यांच्या राज्यात रंगवली गेली ते हरिषेण वगैरे मंडळी ह्या वाशिमच्या शाखेची. नागपूरकडच्या नंदिवर्धन शाखेची नव्हेत.

आता माझा मुद्दा. इथे ब्यूलर चुकला, म्हणून तो वाईट संशोधक का? मला तर उलट वाटतं. ही चूक ५८ वर्षांनी दुरुस्त होऊ शकली ती ब्यूलरमुळेच. त्याने नुसतं ‘प्रवरसेनाचा मुलगा रुद्रसेन होता’ असं लिहिलं असतं तर कुणाला काय कळणार होतं? त्याने लेख कुठला, कुठल्या लेण्यातला, हे सांगून ओळीवार वाचन छापलं. आधी कुणी वाचलं ते सांगितलं. त्यामुळे यवतमाळच्या दोन माणसांनी कलकत्त्यात जाऊन एक नवीन नाव सांगितल्यावर नागपूरच्या तिसऱ्या माणसाला नेमकं कुठे बोट ठेवायचं हे ठाऊक होतं : अजिंठा, लेणं सोळा, अमुक ओळ. आपण रात्री दोन वाजता प्रॉडक्शन पडल्यावर ‘गिट ब्लेम’ करतो ते कुणाला फासावर द्यायला नाही (मॅनेजर सोडून). बदल कुठे झाला, का झाला आणि आता कुठे हात घालायचा हे कळावं म्हणून. संदर्भ म्हणजे तेच. आपण बरोबर आहोत ह्याचं ते सर्टिफिकेट नाही. आपण चुकलो असलो तर दुसऱ्याला ते सापडावं म्हणून उघडं ठेवलेलं दार आहे.

मिराशींनी पुढे १९६३ मध्ये वाकाटकांचे सगळे कोरीव लेख एका जाड इंग्रजी खंडात आणले. कधी हाताशी आला तर वाशिमच्या ताम्रपटाचं प्रकरण उघडून पाहा. सुरुवात राजापासून होतच नाही. ताम्रपट कुठे सापडला, पहिल्यांदा कुणी छापला, नंतर कुणी कुठे वेगळं वाचलं, इथून होते. शुद्ध चेंजलॉग. त्यात यवतमाळच्या दोघांचीही नावं आहेत. मोठ्या माणसाने मोठ्या ग्रंथात लहान गावच्या माणसांचं श्रेय गिळलं नाही, हे मला वाचताना फार आवडलं.

*

बरं, ही शिस्त इंग्रजांनी आणि जर्मनांनी आपल्याला शिकवली, असं कुणी म्हणेल. छापील तळटीप त्यांच्याकडून आली, हे मान्य. पण ‘हे मला कुणी सांगितलं’ ते नोंदवायची सवय वऱ्हाडात त्याच्या कितीतरी आधीची आहे. देशपांडे ज्या महानुभाव पोथ्यांत आयुष्यभर बुडालेले होते, त्यातच ती सापडते.

चक्रधरस्वामी निघून गेल्यावर, तेराव्या शतकाच्या शेवटच्या पंचविसेक वर्षांत, म्हाइंभट नावाच्या त्यांच्या अनुयायाने स्वामींच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. जागा अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर, जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. म्हाइंभट विद्वान होता, मनात आणलं असतं तर एका बैठकीत घरी बसून सुंदर चरित्र लिहू शकला असता. त्याने ते केलं नाही. ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांना गाठून तो विचारत फिरला, आणि जमवलेलं सगळं पंथाचे आचार्य नागदेव ह्यांच्याकडून पारखून घेतलं. त्यातून ‘लीळाचरित्र’ झालं, मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ. आपल्या मराठी गद्याची सुरुवात कवितेच्या कल्पनेतून झाली नाही. ती मुलाखती घेऊन, पडताळा पाहून झाली, ह्या गोष्टीचा मला एक मराठी माणूस म्हणून उगाचच अभिमान वाटतो.

पुढचं जास्त महत्त्वाचं. पंथाची परंपरा सांगते की चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या धामधुमीत मूळ पोथीच गेली. बॅकअप नाही! मग ज्यांना ती पाठ होती त्यांच्याकडून ती पुन्हा उभी केली गेली. साहजिकच सगळ्यांना सगळं सारखं आठवत नव्हतं. आता इथे सोपा मार्ग काय? मतं घ्यायची, बहुमताने एक पाठ ठरवायचा आणि बाकीचे पुसून टाकायचे. त्यांनी तसं केलं नाही. जिथे फरक होता तिथे हा पाठ हिराइसेचा, हा परशरामबासांचा, हा रामेश्वरबासांचा, अशी नावानिशी नोंद ठेवली. त्यात हिराइसा ही बाई आहे हे लक्षात घ्या. सातशे वर्षांपूर्वी एका बाईची आठवण तिच्या नावाने नोंदली गेली आणि पोथ्यांतून जपली गेली.

ह्याच लोकांनी नंतर आपल्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या : सकळ, सुंदरी अशी त्या लिप्यांची नावं. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर. आपण कॉलेजात शिकलेला सबस्टिट्यूशन सायफर, दुसरं काही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांनी त्याची किल्ली अभ्यासकांसमोर मांडली. मग भावे, देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते अशा लोकांनी ते साहित्य वाचायला, छापायला घेतलं. ‘लीळाचरित्र’ छापील रूपात यायला १९३६ नंतरची वर्षं उजाडली. म्हणजे आपल्या आजोबांच्या लहानपणी हा ग्रंथ दुकानात मिळतच नव्हता! असो. महानुभावांच्या लिप्यांवर कधीतरी वेगळं लिहीन, एका शनिवार-रविवारात मावणारा विषय नाही तो.

*

आता परत प्रकल्पाकडे. हे सगळं ऐकून नववीतल्या मुलाने करायचं काय? त्याने काही ताम्रपट वाचायचा नाही. पण यवतमाळवर चार पानं लिहिताना सुद्धा संदर्भ नीट दिला नाही तर कसे घोळ होतात त्याचे नमुने मी भाचीबरोबर बसून पाहिले. (व्हिडिओ कॉलवर. दोन रविवार गेले. बहिणीकडून अजून पार्टी येणं बाकी आहे.)

पहिला घोळ नावाचा. १९०५ च्या आधीच्या सरकारी कागदात ‘यवतमाळ जिल्हा’ शोधलात तर मिळणार नाही, कारण तेव्हा जिल्ह्याचं नाव वणीवरून ‘वून’ असं होतं. मुख्य ठिकाण मात्र यवतमाळच. त्याच्याही आधी, १८६४ च्या सुमाराला, नुसतं ‘आग्नेय वऱ्हाड’. इंग्रजी स्पेलिंग कित्येक दशकं वायईओटीएमएएल. म्हणजे आजच्या स्पेलिंगने शोधणाऱ्याला जुनं काहीच सापडत नाही आणि तो ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहून मोकळा होतो.

दुसरा घोळ हद्दीचा. पुसद आज यवतमाळ जिल्ह्यात आहे, पण १९०५ पर्यंत ते वाशिम जिल्ह्यात होतं. त्या वर्षी वाशिम जिल्हा मोडला, पुसद यवतमाळला आलं, खुद्द वाशिम अकोल्यात गेलं. मग १९९८ मध्ये वाशिम पुन्हा स्वतंत्र जिल्हा. त्यामुळे ‘जिल्ह्याची लोकसंख्या इतकी होती’ असं एखादं जुनं वाक्य कुणी वर्षाशिवाय आणि पुस्तकाशिवाय उतरवलं, की ती कुठल्या यवतमाळची लोकसंख्या हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. वाशिमच्या ताम्रपटाबद्दलही तेच. जुन्या निबंधात ‘अकोला जिल्हा’ लिहिलेलं वाचून पोरं आज खुशाल अकोल्याच्या प्रकल्पात तो घालतील.

तिसरा घोळ खास आपला : शके. मराठी पुस्तकांवर शके १८४७ छापलेलं असतं, मुलं ते तसंच सन म्हणून उतरवतात आणि पुस्तक १८५७ च्या उठावाच्या आधीचं होऊन बसतं. ७८ मिळवायचे. आणि शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मार्चमधलं काही असेल तर ७९.

ह्यावर उपाय म्हणून जे लागतं ते फार नाही. लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, गाव, वर्ष, पान. एवढंच. कॉमा कुठे आणि पूर्णविराम कुठे ह्यावर पीएचडीवाल्यांनी भांडावं. (मराठी प्रबंधांत ‘तत्रैव’, ‘उपरोक्त’ असे शब्द तळाशी दिसतात, म्हणजे ‘वर सांगितलं तेच पुस्तक’. नववीत त्याची गरज नाही, पण भाचीला ‘तत्रैव’ इतका आवडला की ती आता जेवणात काय आहे विचारल्यावरही तोच शब्द वापरते.) मी तिला एकच कसोटी सांगितली : तुझ्या वर्गातली मैत्रीण, तुला फोन न करता, हे पान उघडू शकेल का? ‘गूगल’ लिहिलंस तर नाही. ‘यवतमाळ जिल्हा गॅझेटिअर, १९०८, पान अमुक’ लिहिलंस तर हो. १९०८ चं आणि नंतर महाराष्ट्र राज्याने १९७४ मध्ये काढलेलं, अशी दोन गॅझेटिअरं यवतमाळची आहेत, इंग्रजीत आहेत, वाचायला कंटाळवाणी पण माहितीने ठासून भरलेली. मराठीत हवं तर विश्वकोश आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली वाईला तयार झालेला, पहिला खंड १९७६ चा, आता जालावर फुकट. त्यातल्या नोंदीच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव असतं आणि बऱ्याचदा संदर्भही. मुलांनी हे शेवटचं पाहावं म्हणून मी मुद्दाम तो उघडायला सांगतो.

विकिपीडिया वाईट का? अजिबात नाही. तिथे वाक्याच्या शेपटीला जो छोटा आकडा असतो तो दाबायचा, आणि तो जिथे नेईल ते वाचायचं. आकडाच नसेल तर ते वाक्य उचलायचं नाही. विद्यार्थ्याला विकिपीडिया वापरायला एवढी एक सवय पुरते. आणि चॅटबॉटकडून पुस्तकाचं नाव मिळालं तर ते पुस्तक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वहीत जाणार नाही, हा तिच्या वहीपुरता आम्ही कायदाच केला.

राहता राहिले ‘बाबा’. तुम्हाला वाटेल ती ओळ मी पहिल्यांदा खोडली असेल. उलट ती एकच ओळ मला राखण्यासारखी वाटली. प्रकल्पात एक परिच्छेद शकुंतलेवर होता : गाडी किती हळू चालायची, लोक मध्येच कसे उतरायचे, कापसाच्या दिवसांत किती गर्दी असायची. हे कुठल्याही संकेतस्थळावरून उचललेलं नव्हतं, तिच्या बाबांनी सांगितलेलं होतं. यवतमाळ–मूर्तिजापूर प्रवासी गाडी २०१६ मध्ये बंद पडली. आज नववीत असलेल्या मुलांना ती नीट आठवतसुद्धा नाही, पण जे तिच्यात बसले ते लोक घराघरात आहेत. त्यांना विचारून लिहिलं तर ते अस्सल साधन आहे. फक्त ‘बाबा’ एवढ्याने भागत नाही. कोण, कुठल्या गावचे, साधारण कुठल्या सालातलं सांगतायत, आणि तू कुठल्या तारखेला विचारलंस. आजोबांना वेगळं आठवत असेल तर त्यांचं वेगळं लिहायचं, दोघांत भांडण लावून एक ठरवायचं नाही. हिराइसेचा पाठ वेगळा, परशरामबासांचा वेगळा.

सर ते पान पाहत नाहीत ही तक्रार मात्र राहतेच, आणि त्यावर माझ्याकडे तोड नाही. एका वर्गात साठ मुलं, साठ वह्या, त्यात निम्म्या बाजारातून आयत्या प्रिंट काढून आणलेल्या. शिक्षकाने काय काय पाहावं? पण त्यांनी साठ वह्यांतली एक वही उघडून एकच संदर्भ मोठ्याने वाचला आणि ‘हे पुस्तक आण बरं उद्या’ एवढं म्हटलं, तरी पुढच्या वर्षी पुष्कळ फरक पडेल असा माझा अंदाज आहे.

जाता जाता त्या सर्वसेनाबद्दल थोडं राहिलं. हा वाशिमचा राजा कवीही होता. कृष्णाने सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजात आणला त्या कथेवर त्याने प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचं काव्य लिहिलं. त्याची पोथी आज कुठेही नाही. पण नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त त्याचा उल्लेख केला, कवीच्या नावासकट. अकराव्या शतकात माळव्याच्या भोजराजाने आपल्या साहित्यशास्त्राच्या ग्रंथांत त्यातल्या गाथा उदाहरणादाखल घेतल्या. अशा इतरांच्या ग्रंथांत विखुरलेल्या गाथा वेचून अलीकडच्या अभ्यासकांनी त्या काव्याचे तुकडे पुन्हा एकत्र मांडले आहेत. सर्वसेनाचं जे काही आज वाचायला मिळतं ते एवढंच.